घरचा सर्व्हर अचानक बंद पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरचा सर्व्हर म्हणजे ऑफिसातून निघालेला एक जुना डेस्कटॉप. त्यावर तीन पिढ्यांचे फोटो आहेत आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजी आता नाही, त्यामुळे त्या ओव्या पुन्हा रेकॉर्ड होणार नाहीत. गेल्या वर्षी उन्हाळ्यात हे मशीन आठवड्यातून दोन-तीनदा बंद पडायला लागलं. कारण सापडायला दीड महिना गेला, आणि तोवर रॅम बदलून झाली होती, पॉवर सप्लायही बदलून झाला होता. नंतर ओळखीच्या घरांतले आणखी काही सर्व्हर पाहिले. सगळीकडे प्रश्न तेच निघाले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं स्मॉल ठेवून लिहा.

सर्व्हर बंद दिसला. सगळ्यात आधी काय करू?

लगेच बटण दाबू नका. दोन मिनिटं थांबून बघा. पंखा फिरतोय का? पुढचा दिवा लागलेला आहे का? नेटवर्कच्या पोर्टची बत्ती लुकलुकतेय का? पंखा फिरतोय पण मशीन कशालाच उत्तर देत नाही, तर ते बंद पडलेलं नाही, अडकलेलं आहे. त्याची कारणं वेगळी असतात. सगळं गार आणि अंधार असेल, तर वाट दुसरी.

मग वेळ लिहून ठेवा, आणि त्या सुमारास घरात काय चाललं होतं तेही. गिझर लावला होता, मिक्सर फिरत होता, लाइट क्षणभर गेली होती, पाऊस होता. यातलं काहीही पुढे कामाला येतं. आणखी एक सोपी गोष्ट: राउटरच्या पानावर जाऊन तो किती वेळापासून चालू आहे ते बघा. राउटरही त्याच मिनिटाला नव्याने सुरू झाला असेल, तर सर्व्हर उघडायची गरज नाही. वीजच तुटली होती.

बंद पडण्याचे प्रकार कसे ओळखायचे?

माझ्या मते सगळ्या तपासाची किल्ली इथेच आहे. प्रकार तीनच. एक, कोणीतरी मशीनला बंद होण्याचा हुकूम दिला आणि ते रीतसर बंद झालं. दोन, ऑपरेटिंग सिस्टिमच कोलमडली. तीन, वीज तुटली. यातला कोणता ते ठरल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

लिनक्स असेल तर 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' ही कमांड द्या. मागच्या वेळी चालू असतानाच्या शेवटच्या ओळी समोर येतात. रीतसर बंद झाला असेल तर शेवटच्या पन्नासेक ओळींत एकेक सेवा थांबल्याच्या नोंदी ओळीने लागलेल्या दिसतात, आणि त्यांच्या वरच कुठेतरी कारण असतं. 'पॉवर की प्रेस्ड' दिसलं तर कोणीतरी बटण दाबलंय. यूपीएसचं नाव दिसलं तर त्याने हुकूम दिलाय. सिस्टिम कोलमडली असेल तर 'कर्नल पॅनिक' (सिस्टिमचा गाभाच कोलमडला) किंवा 'हार्डवेअर एरर' अशा ओळी कधी सापडतात, कधी डिस्कवर लिहिल्या जाण्याआधीच सगळं थांबतं.

आणि वीज तुटली असेल तर? आमच्या लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतः लिहीत असलेल्या नोंदींच्या यादीत, संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी फोटोंच्या प्रोग्रामने एका फोटोची लघुप्रत बनवल्याची साधी नोंद होती. त्याखाली काहीच नाही. पुढची ओळ थेट ७ वाजून ४० मिनिटांची, मी बटण दाबल्यानंतरची. तक्रार नाही, निरोप नाही, वाक्य मधेच तुटल्यासारखं. अशी कोरी शेवटची ओळ दिसली की वीज, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड किंवा तापमान, याच दिशेने जायचं.

एनव्हीएमई डिस्क (मदरबोर्डवर थेट बसणारी, न फिरणारी डिस्क) असेल तर 'स्मार्टसीटीएल -ए' या कमांडच्या उत्तरात 'अनसेफ शटडाउन्स' असा एक आकडा येतो. डिस्कला न सांगता वीज किती वेळा गेली त्याची ती मोजणी. तो आकडा आजच्या तारखेसह कागदावर लिहून ठेवा.

विंडोज असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम विभागात बघा. तिथे प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो. १०७४ म्हणजे कोणत्या तरी प्रोग्रामने किंवा माणसाने रीतसर बंद केलं. कोणी, ते तिथेच लिहिलेलं असतं. ६००८ म्हणजे मागचं बंद होणं अनपेक्षित होतं. कर्नल-पॉवर ४१ बघून लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात. पण ४१ एवढंच सांगतो की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. कारण तो सांगत नाही. त्याच्या तपशिलातला बगचेक कोड (विंडोज कोलमडल्याचा क्रमांक) शून्य असेल तर निळ्या पडद्याची नोंद झालेली नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं.

मागच्या वेळचा लॉगच दिसत नाही. आता?

लिनक्सच्या काही सिस्टिमवर जर्नल, म्हणजे हाच लॉग, फक्त रॅममध्ये असतं आणि मशीन बंद झालं की पुसलं जातं. '/व्हार/लॉग/जर्नल' हा फोल्डर तयार करा, किंवा जर्नलडीच्या (जर्नल लिहिणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिग फाइलमध्ये 'स्टोरेज' पुढे 'पर्सिस्टंट' लिहा आणि ती सेवा पुन्हा सुरू करा. पुढच्या वेळेपासून नोंदी टिकतील. हे आजच करून ठेवा, मशीन ठणठणीत असलं तरी.

घरात इन्व्हर्टर आहे, लाइट गेल्याचं जाणवतही नाही. तरी सर्व्हर बंद पडतो.

आमच्याकडे हेच झालं होतं.

लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा वेळ घेतो. दिवा क्षणभर मिचकावतो, पंख्याला तर कळतही नाही. पण कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज नसताना स्वतःत साठवलेल्या ऊर्जेवर फार थोडा वेळ तग धरतो. पूर्ण लोडवर हा वेळ १७ मिलिसेकंदांच्या आसपास धरतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे एक आवर्तन हुकलं की संपलं. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर जुने झाले की हा वेळ आणखी घटतो, म्हणूनच दोन वर्षं नीट चाललेलं मशीन तिसऱ्या वर्षी त्याच इन्व्हर्टरवर बंद पडायला लागतं.

बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटा खटका असतो. एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'इको' किंवा 'नॉर्मल' लिहिलेलं असतं. यूपीएस बाजूला इन्व्हर्टर लवकर वळतो आणि साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर वीज गेली की लगेच बॅटरीवर येतो. इको बाजूला तो १०० व्होल्टपर्यंतची कमी वीजही तशीच पुढे सोडतो आणि वळायला जास्त वेळ घेतो. पंखे-दिव्यांसाठी ते चालतं, बॅटरीही कमी झिजते.

आमचा इन्व्हर्टर जिन्याखाली, भिंतीला चिकटून. बॅटरीत पाणी भरायला आलेल्या माणसाने तो पुढे ओढला तेव्हा मी टॉर्च घेऊन मागे बघितलं. धुळीच्या थरावर बोटाचा एक ताजा ठसा, आणि खटका इकोकडे. आधीच्या सर्व्हिसिंगला तो हलवला गेला असणार. खटका यूपीएसकडे सरकवला आणि नंतर चार वेळा मेन स्विच पाडून बघितला. सर्व्हर चारही वेळा चालू राहिला.

जुन्या स्क्वेअर वेव्ह (लाटेऐवजी चौकोनी आकाराची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर सर्व्हर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काही पॉवर सप्लाय त्या आकाराच्या विजेवर कुरकुरतात, काही बंदच होतात.

म्हणजे इन्व्हर्टर असला तरी वेगळा यूपीएस घ्यायचा का?

हो. इन्व्हर्टर तुम्हाला तास देतो, यूपीएस सर्व्हरला ते निसटणारे मिलिसेकंद देतो. आपल्याकडे मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. दोन-तीन डिस्कचा घरगुती सर्व्हर चालताना बहुधा १०० वॅटच्या आतच असतो. इन्व्हर्टरच्या लाइनवर यूपीएस आणि यूपीएसवर सर्व्हर, असा क्रम लावा. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. मात्र इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर यूपीएस ती वीज नाकारून सतत स्वतःच्या बॅटरीवर जात राहतो आणि शेवटी रिकामा होतो.

यूपीएसला यूएसबीचं पोर्ट असेल तर केबल लावा आणि 'नेटवर्क यूपीएस टूल्स', म्हणजे 'नट', बसवा. बॅटरी उतरत आली की ते सर्व्हरला रीतसर बंद करतं. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली होती. काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. तेवढा वेळ कुठलाही घरगुती यूपीएस पुरत नाही. त्या वेळी सर्व्हर शांतपणे बंद होणं हेच हवं असतं.

यूपीएस आहे, तरी लाइट गेली की त्याच क्षणी सर्व्हर जातो.

बॅटरी गेली आहे. छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचं आयुष्य दोन-तीन वर्षं धरा. उष्ण, कोंदट जागेत त्याहून कमी. पुढचा हिरवा दिवा बॅटरीच्या तब्येतीचा पुरावा नाही. सर्व्हर काढून यूपीएसला जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. पाच मिनिटं बल्ब नीट जळला पाहिजे. लगेच विझला तर बॅटरी बदला.

लाइट न जाताही यूपीएसमुळे सर्व्हर बंद पडू शकतो. काही यूपीएस ठरावीक दिवसांनी स्वतःची चाचणी घेतात आणि त्यासाठी क्षणभर बॅटरीवर जातात. बॅटरी मेलेली असेल तर ती चाचणीच सर्व्हरला घेऊन जाते. दर चौदा दिवसांनी एकाच वेळी बंद पडणारा सर्व्हर दिसला की आधी यूपीएसकडे बघा.

लाइट आली, पण सर्व्हर आपोआप चालू होत नाही.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात) वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. बहुतेक ठिकाणी 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' अशा नावाने. ती 'पॉवर ऑन' वर ठेवा. ठेवूनही विसरली जात असेल आणि मशीनचं घड्याळही मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

एक अडचण जरा लपलेली आहे. नटने सर्व्हर बंद करायला घेतला आणि तेवढ्यात लाइट आली, तर सर्व्हर बंद होतो खरा, पण यूपीएसकडून त्याची वीज कधी तुटतच नाही. मग 'वीज परत आली' हे त्याला कळणार कसं? यासाठी नटमध्ये शेवटच्या पायरीला यूपीएसचं आउटपुट थोडा वेळ तोडण्याची सोय आहे. ती चालू आहे ना, ते प्रत्यक्ष करून बघा.

उन्हाळ्यात दुपारीच का बंद पडतो?

तापमान. पण कुठल्या भागाचं, ते बघायला हवं. आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, आणि त्यापुढे गेलं तरच मशीन स्वतःला तोडतं. तिथवर पोचायला पंखा अडकलेला किंवा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारी धातूची पाती) सैल झालेला असावा लागतो. 'सेन्सर्स' कमांड दर मिनिटाला फाइलमध्ये लिहायला लावा; बंद पडण्याआधीचे आकडे हाती लागतील. त्यात प्रोसेसर ६०-७० अंशांवरच असेल तर पॉवर सप्लायवर संशय घ्या. तोही तापला की स्वतःला तोडतो आणि लॉगमध्ये एक अक्षरही सोडत नाही.

स्वयंपाकघराजवळ ठेवलेल्या सर्व्हरची धूळ वेगळी असते. फोडणीचा तेलकट धूर तिला चिकट करतो. एका घरी हीटसिंकच्या पात्यांमधून चिमट्याने मी राखाडी थराचा अख्खा तुकडा ओढून काढला, गोधडीच्या अस्तरासारखा. ही धूळ नुसत्या हवेने उडत नाही, कोरड्या मऊ ब्रशने सोडवावी लागते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट वेगाने फिरू देऊ नका. आणि सर्व्हर बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नका. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात काय तापतो ते आपल्याला माहीत आहे.

बॅकअप किंवा व्हिडिओचं काम सुरू झालं की लगेच बंद पडतो.

पॉवर सप्लाय कमी पडतोय किंवा म्हातारा झालाय. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टच्या लाइनवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम जाग्या झाल्या तर एका क्षणात जवळपास १०० वॅट. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या बाहेर जाता कामा नये. बायोसमधला आकडा अंदाजापुरता; खरं मोजायचं तर मल्टिमीटर हवा. पॉवर सप्लाय स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भारलेले राहतात. खात्रीचा पॉवर सप्लाय मित्राकडून दोन दिवस आणून लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

हे करताना डिस्कना वीज देणाऱ्या केबलही बघा. स्वस्तातले मोल्ड केलेले स्प्लिटर आत शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणं आहेत.

आणि काहीच काम नसताना बंद पडतो, त्याचं काय?

आधी तो झोपी जात नाही ना, ते बघा. डेस्कटॉपसह लिनक्स टाकलं असेल तर काही सिस्टिम लॉगिनच्या पडद्यावर वीस मिनिटांनी मशीनला झोपवतात. लॉगमध्ये 'सस्पेंड' शब्द सापडेल. 'सिस्टिमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट' दिलं की प्रश्न मिटतो.

पहिल्या पिढीच्या एएमडी रायझनवर लिनक्स रिकामं असताना गोठतं, ही जुनी आणि सर्वज्ञात तक्रार आहे. बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' सापडलं तर ते 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवा.

दर वेळी ठरलेल्या वेळीच बंद पडतो.

मग तो योगायोग नाही. पहाटेची वेळ असेल तर आपोआप अपडेट होऊन मशीन पुन्हा सुरू करण्याची सेटिंग तपासा. क्रॉनमधली (लिनक्सने ठरलेल्या वेळी आपोआप करायची) कामं बघा. पुण्यात गुरुवार असेल तर महावितरणच्या देखभालीच्या कामांची सूचना बघा. सकाळी सात असेल तर गिझर बघा. जुन्या वायरिंगमध्ये मोठा लोड आला की त्या खोलीतला व्होल्टेज खाली येतो.

जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरतो. झाकण लावलं की गेला.

लॉगिनडीच्या (झाकण, बटण सांभाळणाऱ्या लिनक्सच्या सेवेच्या) कॉन्फिग फाइलमध्ये 'हँडललिडस्विच' (HandleLidSwitch, इथे कॅपिटल अक्षरं तशीच ठेवा) पुढे 'इग्नोर' लिहा. आणि बॅटरी फुगली आहे का ते तळाला हात लावून बघा. टचपॅड वर उचललेला दिसला तर त्याच दिवशी वापर थांबवा.

रास्पबेरी पाय सतत रीस्टार्ट होतो.

हा तळहाताएवढा कॉम्प्युटर रीस्टार्ट होण्याचं कारण बहुतेक वेळा अडॅप्टर किंवा केबल. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेला की पाय 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' अशी नोंद करतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे, पाय ५ ला ५.१ व्होल्ट ५ अँपिअरचा. मोबाइलचा चार्जर ६५ वॅटचा असला तरी ५ व्होल्टवर ५ अँपिअर देईलच असं नाही. बाहेरची हार्ड डिस्क वेगळ्या विजेवर चालणाऱ्या हबला लावा.

पावसाळ्यात खटका पडतो आणि सगळंच बंद होतं.

बोर्डावरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा खटका) पडत असेल तर कुठेतरी वीज जमिनीकडे गळते आहे. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. प्रत्येक कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय रीतसरपणेही थोडीशी वीज अर्थकडे सोडतो. त्यात ओलसर गिझर किंवा भिंतीतली ओल मिळाली की बेरीज मर्यादा ओलांडते. हे काम वायरमनचं. त्याला अर्थिंग आणि न्यूट्रलमधला व्होल्टेजही मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असू नये.

कोकणात आणि गोव्यात दमट हवेने कनेक्टर गंजतात. आणि पाल, मुंग्या, झुरळं उबेला येतात. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचांना बारीक जाळी लावा.

रॅम खराब असू शकते का?

शकते. पण खराब रॅमने मशीन बहुधा कोलमडतं, रीस्टार्ट होतं, किंवा फाइली बिघडवतं. एकदम गार अंधार क्वचितच होतो. रॅम बदलायला सोपी म्हणून लोक तिथून सुरुवात करतात, मीही तेच केलं. आधी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी रॅम बदला.

बटणावर संशय आहे. तपासू कसा?

कॅबिनेटच्या पॉवर बटणाची मदरबोर्डवरची दोन तारांची पिन काढून ठेवा आणि चार दिवस बघा. चालू करायला त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवा. बंद पडणं थांबलं तर बटण चिकटत होतं.

इतक्यांदा बंद पडल्यावर डेटा सुरक्षित आहे का?

फाइल सिस्टिम बहुधा सावरते, पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल जाऊ शकते. फाइल सिस्टिम झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असेल तर स्क्रब (सगळा डेटा वाचून ताडून बघणारी तपासणी) चालवा, इतर ठिकाणी डिस्क अनमाउंट करून, म्हणजे वापरातून बाजूला काढून, फाइल सिस्टिम तपासा. फोटोंच्या प्रोग्रामचा डेटाबेस उघडतोय का, तेही बघा. आणि कारण शोधायला बसण्याआधी एक प्रत घराबाहेर ठेवा. बहिणीच्या घरची एक साधी डिस्कही चालेल. मी आजीच्या ओव्यांची प्रत सर्व्हर तिसऱ्यांदा बंद पडल्यावर काढली. ते पहिल्याच वेळी करायला हवं होतं.

दुरुस्त झालं असं कधी समजायचं?

जितक्या दिवसांनी तो बंद पडायचा, त्याच्या किमान तिप्पट दिवस नीट चालू द्या, आणि त्या काळात दुसरं काही बदलू नका. सुरुवातीला कागदावर लिहिलेला 'अनसेफ शटडाउन्स' चा आकडा पुन्हा बघा. आमचा खटका सरकवला त्या दिवशी तो ६३ होता. कागद अजून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, आणि आज सकाळीही आकडा ६३ च आहे.